९.४ : एका घरगुती शाम्पूचं प्रकरण

होळीला आठवडा राहिला असताना बडोद्याच्या दांडिया बाजारातून फोन आला. माझ्या दिवंगत मित्राची सून बोलत होती. "काका, शाम्पूच्या बाटल्या फुगल्यात. एक तर रात्री कपाटात फुटली. येऊन बघाल का?"

मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत साबण-शाम्पूच्या कच्च्या मालाच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर असली कामं ओळखीतून येतात आणि बहुधा दोन तासांत उरकतात. हे तीन महिने चाललं. घरच्यांना विचारून, नावं गाळून ते इथे मांडतो आहे, कारण घरी 'सौम्य, वनस्पतिजन्य' शाम्पू करणारे बरेच जण नेमके इथेच ठेचकाळतात.

शाम्पू कसा होता

मूळ कृती सासूबाईंची, म्हणजे आमच्या वहिनींची. त्या मांडवीजवळच्या गांधियाण्याच्या (जडीबुटीच्या) दुकानातून आवळा, अरीठा, शिकेकाई आणतात (आम्हा बडोदेकरांच्या तोंडी रिठ्याचा अरीठाच झालेला आहे), रात्री भिजत घालतात आणि सकाळी लोखंडी कढईत उकळतात. आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी जुळून काढा काळाभोर होतो. केसांना उत्तम, पण दोन दिवसांत आंबतो. बाटलीत भरून विकण्याची ती चीज नव्हे.

सूनबाईंनी त्यावर तोड काढली. काढा ठेवला, आणि फेसासाठी बाजारातून दोन सर्फॅक्टंट आणले. सर्फॅक्टंट म्हणजे ज्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, असा मळ सोडवणारा घटक. दहा किलोच्या घाण्याला डेसिल ग्लुकोसाइड दीड किलो, कोकामिडोप्रोपिल बीटेन एक किलो, काढा तीन किलो, थोडं ग्लिसरीन, दाटपणासाठी झँथन गम, टिकण्यासाठी सोडियम बेन्झोएट पन्नास ग्रॅम, आणि बाकी पाणी. दोन्ही सर्फॅक्टंट पाण्यात विरघळवलेले मिळतात. पहिल्यात निम्मा माल असतो, दुसऱ्यात सुमारे तीस टक्के. म्हणजे तयार शाम्पूत खरा धुणारा पदार्थ साडेदहा टक्के. हे प्रमाण चांगलं आहे. कोणा जाणत्याने लिहिलेली कृती असावी, असं मला पहिल्याच नजरेत वाटलं.

डेसिल ग्लुकोसाइडबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. खोबरेल किंवा पाम कर्नेलच्या तेलापासून काढलेलं मेदी अल्कोहोल आणि मक्या-गव्हाच्या स्टार्चपासून केलेलं ग्लुकोज, या दोघांना आम्लाच्या साक्षीने जोडलं की तो तयार होतो. अल्कोहोल आणि साखर अशी जोडण्याची रीत एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९३ मध्येच दाखवली होती. पण बादल्यांनी विकता येईल असा माल कारखान्यांतून यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. पाण्याकडच्या टोकाला साखर असल्यामुळे त्याच्यावर विद्युतभार नसतो. बाजारातल्या शाम्पूत सर्रास असणाऱ्या एसएलएसच्या (सोडियम लॉरिल सल्फेट) टोकाला ऋणभार असतो आणि तो कातडीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो. त्यांना फुगवतो, सैल करतो. प्रयोगशाळेत याची एक जुनी चाचणी आहे. मक्यातलं झीन नावाचं प्रथिन पाण्यात विरघळत नाही. सर्फॅक्टंटच्या द्रावणात ते किती विरघळलं हे मोजायचं. एसएलएस ते भराभर विरघळवतो, ग्लुकोसाइड फारसं हात लावत नाही. त्वचेचे डॉक्टर आणि संशोधक मुद्दाम जळजळ घडवून अभ्यास करायचा असेल तर आजही एसएलएसच वापरतात, यावरून काय ते समजा.

पण हेही ध्यानात ठेवा की एसएलएससुद्धा बहुधा नारळातून किंवा पाम कर्नेलमधूनच येतो. तेच तेल, त्याच जातीचं मेदी अल्कोहोल. एकाला गंधकाचं शेपूट जोडलं, दुसऱ्याला साखरेचं. 'वनस्पतिजन्य' हा शब्द दोघांनाही सारखाच लागू पडतो. सूनबाईंच्या लेबलवर मात्र हिरव्या पानांच्या नक्षीत 'केमिकल-फ्री' असं लिहिलेलं होतं. ज्या गावात १८९० साली रंगकाम-रसायन शिकवायला कलाभवन उघडलं आणि १९०७ मध्ये अलेम्बिक सुरू झाली, तिथे केमिकल हा शब्द शिवीसारखा वापरतात, याची मला नेहमी गंमत वाटते. असो.

तक्रारी

मी गेलो तेव्हा तिने वहीत सगळं उतरवून ठेवलं होतं. अकरा गिऱ्हाइकांचे फोन आले होते. काहींच्या बाटल्या फुगलेल्या, झाकण उघडलं की फुस्स आवाज आणि कुबट वास. काहींचे केस धुतल्यावर 'झाडूसारखे' होत होते. दोन आयांनी सांगितलं की मुलांच्या डोळ्यांत गेल्यावर फार चुरचुरतं, आधी इतकं होत नव्हतं. आणि सुभानपुऱ्यातल्या एका बाईंच्या कानामागे आणि मानेवर खाजरं पुरळ उठत होतं.

सूनबाईंचं म्हणणं, "काका, माल बदलला नाही, पुरवठादार बदलला नाही. उन्हाळ्यामुळे असेल का?" वहिनी आतल्या खोलीतून म्हणाल्या, "बाटलीत भरू नको असं मी पहिल्यापासून सांगतेय."

माझी पहिली चूक

केस राठ होतात म्हटलं की माझ्या पिढीचा माणूस आधी पाण्याकडे बघतो. जुन्या शहरात महानगरपालिकेचं पाणी येतं, महीकाठच्या विहिरींचं आणि सयाजीरावांच्या काळातल्या आजवा सरोवराचं. बाहेरच्या सोसायट्यांत बोअरचं, जड पाणी. साबण जड पाण्यात कॅल्शियमशी जुळून पांढरा चिकट साका सोडतो आणि तो केसांवर बसतो. मी दोन दिवस गिऱ्हाइकांचे पत्ते आणि त्यांच्या नळाचं पाणी यांची सांगड घालत बसलो.

ती बसली नाही. राठ केसांची तक्रार करणाऱ्यांपैकी निम्म्या बायका रावपुऱ्यात आणि दांडिया बाजारातच राहणाऱ्या निघाल्या, पालिकेच्या पाण्यावरच्या. आणि खरं तर मला हे आधीच सुचायला हवं होतं. ग्लुकोसाइडवर भारच नाही, तो कॅल्शियमशी साका करणार कसा? जड पाण्यात नीट काम करतो हाच तर त्याचा गुण. साबणाची सवय डोक्यातून जात नाही, दुसरं काय.

मीटर

तिसऱ्या दिवशी पीएच मीटर घेऊन गेलो. पीएच म्हणजे द्रव किती आम्ल, किती अल्क याचा आकडा: ७ मध्यावर, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. तिच्याकडे पीएचचे कागद होते, पण काढ्याच्या काळपट रंगात कागदाचा रंग वाचता येत नाही, म्हणून तिने ते कधीच सोडून दिले होते. मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफरमध्ये (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणांत) लावून घेतला, शाम्पू दहापट पाण्यात पातळ केला आणि बुडवला.

९.४.

पुन्हा धुऊन बुडवला. ९.४. अंगाच्या साबणाचा पीएच साधारण नऊ-दहा असतो. 'साबणापेक्षा सौम्य' म्हणून विकलेला हा शाम्पू त्या मोजमापाने साबणच होता. मग फुगलेल्या बाटलीतला मोजला, तर ७.६. एकाच घाण्यातल्या दोन बाटल्यांत इतकं अंतर म्हणजे आत कोणीतरी साखर खाऊन आम्ल सोडत बसलं होतं. खासगी प्रयोगशाळेत नमुना दिला. अशा मालात एका ग्रॅममागे हजारापेक्षा जास्त जंतू चालत नाहीत, इथे ते लाखाच्या पुढे होते, वायू सोडणाऱ्या जिवाणूंसकट.

पण शाम्पू इतका अल्कधर्मी झाला कसा? काढा तर उलट किंचित आम्लधर्मी असतो. डेसिल ग्लुकोसाइडचा कॅन काढायला लावला. त्याच्यासोबत आलेला पुरवठादाराचा तपासणी-कागद तिने फाइलला लावून ठेवला होता. तिसऱ्या ओळीत छापलेलं होतं: पीएच ११.५ ते १२.५. हा माल मुद्दाम तसाच पाठवतात. इतक्या क्षारात जंतू वाढत नाहीत, पिंपात टिकतो, वेगळं प्रिझर्वेटिव्ह घालावं लागत नाही. वापरणाऱ्याने तो खाली आणायचा असतो, हे गृहीतच धरलेलं असतं. जो पदार्थ घरोघरी 'सर्वांत सौम्य' म्हणून विकत घेतला जातो, तो कॅनमधून काढलेला तसाच हातावर चोळला तर झोंबेल.

"मग आधीचे घाणे चांगले कसे निघाले?" मी विचारलं. ती वही घेऊन बसली. पहिल्या सहा घाण्यांत एक रकाना होता, सायट्रिक ॲसिड, आणि त्यात तिने वजनं लिहिलेली. सातव्या घाण्यापासून तो रकाना कोरा.

"ते हो," ती म्हणाली, "एका ताईंनी विचारलं, 'ॲसिड घालता आणि केमिकल-फ्री म्हणता?' मला पटलं. थोडंसंच तर होतं. काढून टाकलं."

मी काही न बोलता स्वयंपाकघरात गेलो. फळीवर, बेसनाच्या डब्याशेजारी, काचेची छोटी बरणी होती. पांढरे साखरेसारखे खडे. वहिनींना विचारलं, "हे काय?" "लिंबूना फूल. खमणाला लागतं." बरणी आणून सूनबाईंसमोर ठेवली. "हेच सायट्रिक ॲसिड. दर रविवारी खाता तुम्ही." ती दोन क्षण बरणीकडे बघत राहिली आणि मग कपाळावर हात मारून हसली. वहिनी हसल्या नाहीत. खमणात ॲसिड असतं हे त्यांनी अजूनही मान्य केलेलं नाही.

एकाच कारणाची दोन टोकं

केस राठ होणं आणि बाटल्या फुगणं या दोन वेगळ्या तक्रारी वाटत होत्या. मूळ एकच.

केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे खवले असतात. आम्लधर्मी पाण्यात ते आडवे, मिटून बसतात. पीएच चढला की केस पाणी पिऊन फुगतो, खवले उभे राहतात, पृष्ठभागावरचा ऋणभार वाढतो आणि केस केसाला घासतो. झाडू होतो तो असा. पूर्वी शिकेकाईचं किंवा लिंबाचं पाणी शेवटी का ओतत, याचं उत्तर इथेच आहे.

बेन्झोएटचं गणित जास्त मजेदार आहे. सोडियम बेन्झोएट स्वतः जंतू मारत नाही. पाण्यात त्याचं बेन्झोइक आम्ल झालं तरच ते जंतूच्या भिंतीतून आत शिरतं, आणि किती भाग आम्लरूपात राहील ते पीएचवर ठरतं. पीएच ४.२ असेल तर निम्मा. ५.२ ला शंभरातले नऊ. ९.४ ला साधारण दीड लाखात एक. म्हणजे तिने पन्नास ग्रॅम घातलं काय आणि पाच ग्रॅम घातलं काय, बाटलीत पहारेकरी नव्हताच. त्यात आवळा-शिकेकाईची साखर आणि कोमट कपाट. ९.४ ला सगळेच जंतू तगत नाहीत, पण जे तगले त्यांनी आम्ल सोडून पीएच खाली ओढला, आणि मग बाकीच्यांना दार उघडं झालं.

डोळ्यांची गोष्ट

ही वेगळी निघाली. सातव्या घाण्यापासून तिने आणखी एक बदल केला होता, काढा तीनऐवजी पाच किलो. 'जास्त नैसर्गिक' व्हावं म्हणून. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कोणती बिघडली ते कळत नाही, आणि मीही मीटर लावल्यावरचे चार दिवस सगळं पीएचवर ढकलत होतो. पीएच ५.२ वर आणलेला नमुना करून पाहिला, पाच किलो काढ्याचा. माझ्याच डोळ्यात थेंब गेला (गेला नव्हे, घातला, हे कोणी करू नये) आणि पाच मिनिटं नळाखाली होतो.

अरीठ्याचा फेस सॅपोनिनचा असतो. सॅपोनिन हाही सर्फॅक्टंटच, झाडाने स्वतः केलेला, कारखान्याचा हात न लागलेला. आणि तो मुळीच सौम्य नाही. तो पेशींची भिंत भेदतो, तांबड्या रक्तपेशी फोडतो. सॅपोनिन असलेल्या फळा-सालींनी मासे गुंगवून पकडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. लहानपणी रविवारी न्हाताना 'डोळे मीट, डोळे मीट' असं आई ओरडायची, ते उगाच नव्हे. टाळूला तो सोसतो, कारण कातडी जाड आहे. डोळ्याला सोसत नाही. या सगळ्या शाम्पूत सर्वांत शुद्ध नैसर्गिक असलेला घटक सर्वांत तिखट निघाला, हे सूनबाईंना पचायला वेळ लागला.

नवा घाणा

फारसं बदलावं लागलं नाही. ग्लुकोसाइड थोडं कमी, बीटेन थोडं जास्त, कारण दोघांचे रेणू मिळून पाण्यात मोठे गोळके करतात आणि सुटे रेणू कातडीत कमी शिरतात. काढा दीड किलोवर आणला. मुलांसाठीच्या बाटलीत अरीठा अजिबात नाही. दाटपणासाठी मधल्या काळात तिने मीठ ओतून पाहिलं होतं, साध्या शाम्पूत चालतं म्हणून. ग्लुकोसाइडला मिठाने दाटपणा येत नाही, पाणीच राहतं. झँथन गम आधी ग्लिसरीनमध्ये कालवून मग पाण्यात सोडायला शिकवलं, म्हणजे गाठी होत नाहीत. प्रमाण जास्त झालं की शेंबडासारखी तार धरतो, ते तिला आधीच ठाऊक होतं. केस मऊ राहावेत म्हणून गवारीच्या डिंकाचं धनभारित रूप चिमूटभर घातलं. गवार राजस्थान-गुजरातेत पिकते, त्यामुळे लेबलवर तिला काही लिहायचं असलं तर हे लिहिण्यासारखं आहे. बेन्झोएटच्या जोडीला पोटॅशियम सॉर्बेट आलं, जे ५.२ ला बेन्झोएटपेक्षा जास्त प्रमाणात आम्लरूपात राहतं. आणि शेवटी लिंबाची फुलं, म्हणजे तेच सायट्रिक ॲसिड, पाण्यात विरघळवून, थेंब थेंब, मीटरवर डोळा ठेवून.

एप्रिल-मेमध्ये दहा बाटल्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्या. बडोद्याचा मे महिना हा फुकट मिळणारा ओव्हन आहे. एकही फुगली नाही. दर पंधरवड्याला मोजलेला पीएच ५.१ आणि ५.३ च्या मध्ये राहिला.

परवान्याचा विषय मी मुद्दाम काढला. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे राज्याच्या औषध नियंत्रण खात्याचा परवाना लागतो, घरच्या खोलीत असो की शेडमध्ये. तिला वाटत होतं 'आयुर्वेदिक आहे, लागत नाही.' आता ती दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात, त्यांच्या जागेत आपला माल करून घेण्याच्या खटपटीत आहे. 'केमिकल-फ्री' लेबलवरून गेलं. हिरवी पानं राहिली.

सुभानपुऱ्याच्या बाई

सगळं जुळलं तरी त्या बाईंचं पुरळ जाईना. त्यांनी जुन्या सहा घाण्यांतलाही शाम्पू वापरला होता, तेव्हाही थोडं उठायचं, एवढंच की त्यांनी सांगितलं नव्हतं. नवा ५.२ चा शाम्पू दिला, तरी चौथ्या दिवशी कानामागे तेच. म्हणजे पीएच नव्हे, अरीठाही नव्हे.

माझा संशय बीटेनवर होता. कोकामिडोप्रोपिल बीटेन करताना राहून गेलेल्या अशुद्धीमुळे काहींना ॲलर्जी होते. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगाच्या संस्थेने २००४ साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जन' ठरवलं होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पॅच टेस्ट लावली, म्हणजे संशयित पदार्थ चिकटवून ठेवले. बीटेन कोरं निघालं. सुगंधही कोरा. डॉक्टरांनी विचारलं, यात आणखी काय आहे? आम्ही ग्लुकोसाइडचा नमुना दिला. त्यांच्या नेहमीच्या संचात तो नव्हता. त्यांनी तो पेट्रोलेटममध्ये (व्हॅसलिनसारख्या मलमात) पाच टक्के प्रमाणात कालवून लावला, आणि ९६ तासांनी तिथेच लाल चकंदळ.

डेसिल ग्लुकोसाइड. जळजळीच्या चाचणीत ज्याला कमीत कमी गुण मिळतात तोच. जळजळ आणि ॲलर्जी या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिली कमी-अधिक सगळ्यांना होते आणि मात्रेवर ठरते. दुसरी मोजक्यांना होते, पण एकदा शरीराने ओळख ठेवली की थेंबही पुरतो. त्याच संस्थेने २०१७ मध्ये अल्किल ग्लुकोसाइडांनाही तोच मान दिला, हे मी वाचलेलं होतं आणि तरी बीटेनच्या मागे धावलो. बाईंना ही ओळख कुठून झाली, त्याचा अंदाज डॉक्टरांनी बांधला. त्या रोज सनस्क्रीन लावत होत्या, आणि ऊन अडवणाऱ्या एका घटकाचे कण विखुरलेले राहावेत म्हणून त्यात डेसिल ग्लुकोसाइड असतो. मान आणि कानामागची जागाही जुळत होती.

सूनबाईंनी त्यांचे पैसे परत केले. मग विचारलं, "आता काय वापरता तुम्ही?" बाईंनी पिशवीतून बाटली काढून दाखवली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला, एसएलईएस (एसएलएसचाच जवळचा भाऊ) आणि मीठ घातलेला, निळसर रंगाचा साधा शाम्पू. दोन महिने झाले, पुरळ नाही. सूनबाईंनी ती बाटली हातात घेतली, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं पहिल्या घटकापासून शेवटपर्यंत वाचून काढली. मग वहीत उतरवून घेतली.